तिच्या वाटणीचे सहासष्ट लॅप

दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत मला तीन-चार ईमेल येतात. कुणाची तरी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते, मोठ्या स्पर्धांमध्ये पोहलेली असते आणि अमेरिकेतल्या कॉलेजची स्वीमिंग स्कॉलरशिप कशी मिळवायची हे तिच्या आईबाबांना विचारायचं असतं. मी दर वेळी नीट उत्तर देते. टायमिंग किती लागतं, तिथले तलाव पंचवीस यार्डांचे असतात तेव्हा आपली मीटरमधली वेळ कशी बदलून घ्यायची, कोचला पहिलं पत्र कुणी लिहायचं (मुलीनेच, आईबाबांनी नाही). यंदा एका बाबांनी शेवटी एक ओळ जोडली होती: "कोच कडक असला तरी चालेल, उलट बरंच." त्या ओळीवर मी दोन दिवस अडकून पडले. उत्तर पाठवलं, पण ते अर्धवट होतं. उरलेलं इथे लिहिते आहे.

मी ऑगस्ट २०१५ ते मे २०१९ अशी चार वर्षं अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या महिला संघात पोहले. विद्यापीठाचं नाव लिहिणार नाही, कोचचंही नाही. माझा प्रकार बटरफ्लाय, शंभर आणि दोनशे यार्ड. डिव्हिजन वन, म्हणजे कॉलेजच्या खेळातली सगळ्यात वरची पातळी, पण बड्या पाच कॉन्फरन्सपैकी (कॉन्फरन्स म्हणजे आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) नाही. तेव्हाच्या नियमाने महिला जलतरण संघाला चौदा पूर्ण स्कॉलरशिप देता यायच्या, आणि त्यांचे तुकडे करून वाटता यायचे. आमच्या संघात आम्ही सव्वीस जणी. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी, कुणाला नुसते पुस्तकांचे पैसे. मला साधारण पाऊण मिळाली होती आणि उरलेल्यासाठी बाबांनी कर्ज काढलं होतं.

पैशाचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझी स्कॉलरशिप एका वर्षाची होती. २०१२ पासून एनसीएएच्या (कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) नियमात अनेक वर्षांची देण्याची मुभा होती, पण मुभा म्हणजे सक्ती नव्हती. बड्या पाच कॉन्फरन्सनी २०१५ पासून खेळ खालावला म्हणून स्कॉलरशिप काढून घ्यायची नाही असं ठरवलं, पण आम्ही त्यांच्यात नव्हतो. म्हणजे दर उन्हाळ्यात एक पत्र यायचं, आणि त्या पत्रात काय असेल ते एकच माणूस ठरवायचा. त्यात माझा व्हिसा विद्यार्थ्याचा. पूर्ण वेळ शिकत राहिलं तरच देशात राहता येतं, आणि नोकरी करायची तर कॅम्पसवरच, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास. स्कॉलरशिप गेली तर फी भरता येणार नाही, फी नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर घरी परत. हे मला कुणी धमकी म्हणून कधी सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती.

या लेखात मी कोचला 'तो' म्हणते आहे. पहिली तीन वर्षं घरी फोनवर बोलताना मी 'ते' म्हणायचे. "कोच म्हणाले", "कोचना आवडलं". मी लहानपणापासून ज्या सरांकडे पोहले तेही ओरडायचे. एकदा त्यांनी किकबोर्ड भिरकावला होता. सरांना उलट प्रश्न विचारायचा नसतो हे आम्हाला कुणी वेगळं शिकवलं नव्हतं, ते अंगवळणीच पडलं होतं. त्यामुळे तिकडे गेल्यावर आवाज चढला की बाकीच्या मुली एकमेकींकडे बघायच्या आणि मला मात्र घरच्यासारखं वाटायचं. हे मी आज लाज वाटून लिहीत नाही. ज्याला ओरडणं म्हणजेच शिकवणं अशी सवय लावलेली असते, त्याला पुढचं ओळखायला उशीर होतो एवढंच.

आणि तो माणूस पोहणं जाणत होता. पहिल्या दिवशी मला घ्यायला विमानतळावर तो स्वतः आला होता. भिंतीला पाय लावून निघाल्यावर पाण्याखालून मारायची डॉल्फिन किक त्याने मला पायाच्या घोट्यापासून नव्याने शिकवली, आणि पहिल्याच सीझनमध्ये माझी दोनशेची वेळ साडेतीन सेकंदांनी उतरली. ज्यांनी असं काही अनुभवलेलं नाही त्यांना वाटतं, अशी माणसं पहिल्या दिवसापासून राक्षसासारखी वागत असतील. तसं असतं तर मी पहिल्या महिन्यातच परत आले असते.

त्याचं कौतुक महिन्यातून एकदा यायचं, आणि नेहमी कुणाच्या तरी समोर. "हिच्याकडे बघा. सात समुद्र ओलांडून आलीय, पण हिने मला आजवर एक कारण दिलेलं नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कितीतरी दिवस मनात घोळवत होते. आईला फोन करून सांगितलं. बाबांनी मागून विचारलं, "दमवतात का फार?" मी म्हटलं, हो. तर म्हणाले, "टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही." ते प्रेमाने म्हणाले होते आणि मलाही ते तेव्हा पटलं होतं. त्या कौतुकात बाकीच्या पंचवीस जणींना टोमणा होता, हे माझ्या लक्षातच आलं नाही. तो मला उचलून धरत होता, त्याच वेळी मला त्यांच्यापासून वेगळंही काढत होता.

पहिल्याच हिवाळ्यात मला सावध व्हायला हवं होतं. २०१५ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, डार्टमथ कॉलेजचा एक एकवीस वर्षांचा जलतरणपटू फ्लोरिडातल्या एका तलावात श्वास रोखून पाण्याखालून लॅप मारताना गेला. त्याला कुणा कोचने तसं करायला सांगितलं नव्हतं, तो सुट्टीत आपल्या मनाने सराव करत होता. बातमी सगळ्यांनी वाचली. जानेवारीत आमचा ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी फळ्यावर सेट लिहिलेला होता: पाण्याखालून पंचवीस यार्ड, सोळा वेळा, मध्ये थोडीच विश्रांती. एक जरी जण मध्ये वर आली तर सगळ्यांनी पहिल्यापासून सुरुवात करायची.

यात धोका कुठे आहे ते सांगते, कारण पोहणाऱ्या कितीतरी मुलांना अजून ते माहीत नसतं. श्वास घ्यायची जी ओढ लागते ती ऑक्सिजन कमी झाल्यामुळे लागत नाही, रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे लागते. सेट सुरू होण्याआधी भराभर खोल श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड खाली जातो, पण ऑक्सिजन फारसा वाढत नाही. मग पाण्याखाली शरीर धोक्याची घंटा वाजवतच नाही, आणि माणसाची शुद्ध शांतपणे हरपते. वरून बघणाऱ्याला तो पोहतोय असंच वाटतं. आम्हाला सोळापैकी अकराव्यापर्यंत पोचून दोनदा परत पहिल्यावर यावं लागलं. शेजारच्या लेनमधल्या एका मुलीने भिंतीला हात लावला तेव्हा तिचे ओठ राखाडी झाले होते, दोघींनी तिला काखेत धरून वर ओढलं. असिस्टंट कोच पुढे आली. तो म्हणाला, "ती ठीक आहे." आणि त्या मुलीने मान हलवली, ती ठीक असल्याची.

त्या दिवशी आम्ही कुणीच काही बोललो नाही. एकीच्या वर येण्याची शिक्षा सगळ्यांना, ही त्याची आवडती पद्धत. जगातल्या कितीतरी संघांत ती वापरतात आणि तिला 'टीम बाँडिंग' म्हणतात. मला विचाराल तर या एका पद्धतीने आमच्या संघाचं जेवढं वाटोळं केलं तेवढं त्याच्या ओरडण्याने नाही. ओरडणारा माणूस समोर दिसतो, त्याचा राग करता येतो. सामूहिक शिक्षेत मात्र कोच बाजूला उभा राहतो आणि मुलीच एकमेकींवर पहारा करायला लागतात.

माझी लेनमेट, म्हणजे माझ्याच लेनमध्ये पोहणारी मुलगी, दुसऱ्या वर्षी आली. म्हणजे वर्ष तिचं पहिलं, माझं दुसरं. फ्रीस्टाइलवाली, लांब पल्ल्याची. सकाळी साडेपाचच्या सरावाला ती कायम माझ्या आधी हजर असायची आणि माझा किकबोर्ड माझ्या लेनच्या टोकाशी आणून ठेवायची. का कोण जाणे, तिला ते आवडायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचा उजवा खांदा दुखायला लागला.

पोहणाऱ्याच्या खांद्याचा जरा हिशोब करून बघा. एका सरावात सहा हजार यार्ड म्हणजे पंचवीस यार्डांचे २४० लॅप. लॅपला सोळा हात धरले तर ३८४०, म्हणजे एका खांद्याला १९२० फेऱ्या. आठवड्याला आठ सराव, म्हणजे एकच खांदा आठवड्यात पंधरा हजारांहून जास्त वेळा डोक्यावरून फिरतो. हे फक्त नियमातले सराव. एनसीएएचा १९९१ पासूनचा नियम आहे की सीझनमध्ये आठवड्याला वीस तासांच्या वर सक्तीचा सराव नाही, आणि एक दिवस सुट्टी. आम्ही दर सोमवारी एका तक्त्यावर सही करायचो की मागच्या आठवड्यात वीसच तास झाले. शनिवारचा दुपारचा सराव 'ऐच्छिक' असायचा आणि असिस्टंटच्या वहीत त्याची हजेरी असायची. स्पर्धेचा दिवस, मग तो सकाळी सहाला सुरू होऊन रात्री नऊला संपला तरी, नियमाप्रमाणे तीनच तास मोजतात. मी त्या तक्त्यावर चार वर्षं सही केली.

लेनमेट ऍथलेटिक ट्रेनरकडे गेली. ट्रेनर म्हणजे संघाबरोबर असणारी, दुखापती बघणारी व्यक्ती. तिने चिठ्ठी दिली: दहा दिवस हात डोक्याच्या वर न्यायचा नाही, फक्त किक. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. कोचने ती चिठ्ठी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि अगदी शांत आवाजात म्हणाला, "ठीक आहे. आज तिच्या वाटणीचं तुम्ही पोहा. माइल. बटरफ्लाय."

माइल म्हणजे १६५० यार्ड. खऱ्या मैलापेक्षा थोडं कमीच भरतं. पंचवीस यार्डांच्या तलावात सहासष्ट लॅप. बटरफ्लायची सगळ्यात लांब शर्यत दोनशेची असते, आठ लॅपची. त्याच्या पुढे बटरफ्लाय राहतच नाही, माणूस नुसता पाण्याबाहेर यायची धडपड करत राहतो.

लेनमेटला त्याने पाण्यात उतरू दिलं नाही. तिच्या हातात लॅप काउंटर दिला. लांब शर्यतीत वापरतात ती ही प्लास्टिकची पाटी. आकडे उलटवता येतात आणि लेनच्या टोकाला वाकून ती पाण्यात बुडवून धरतात, म्हणजे पोहणारीला कळतं किती झाले. विषम आकडे असतात, एक, तीन, पाच असे चढत जाणारे, आणि शेवटच्या लॅपला आकड्याऐवजी नुसता केशरी चौकोन. सव्वीस जणींपैकी पंचवीस पाण्यात आणि ती एकटी आमच्या लेनच्या टोकाशी गुडघ्यांवर बसून पाटी धरते आहे.

बटरफ्लायमध्ये वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लावावे लागतात, त्यामुळे दर वळणाला चेहरा भिंतीसमोर येतो. दर पन्नास यार्डांनी मला ती दिसायची. पाटी डाव्या हातात. उजवा हात पोटाशी धरलेला. पहिले काही लॅप तिने माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. एकोणतीसच्या आसपास ती रडत होती. एकेचाळीसला मला पाण्यातून हात वर काढता येईना, तोंडात क्लोरीनचं पाणी गेलं, आणि मला भयंकर राग आला. कोच त्या वेळी दहा फुटांवर उभा होता. माझा राग त्याच्यावर नव्हता. तिच्यावर होता. तिने ती चिठ्ठी आणली नसती तर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. पासष्टला तिने केशरी चौकोन धरला तेव्हा मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

लॉकर रूममध्ये ती माझ्याजवळ आली, काहीतरी बोलणार होती. मी टॉवेलात तोंड पुसता पुसता म्हटलं, "थोडं सहन कर ना. आमचं सगळ्यांचंच दुखतं."

दहा दिवसांची चिठ्ठी होती. ती चौथ्या दिवशी पाण्यात उतरली. ट्रेनरने विचारलं तर म्हणाली, बरं वाटतंय. फेब्रुवारीत कॉन्फरन्सची स्पर्धा झाली, तिने हजार यार्डांत आमच्या संघासाठी गुणही मिळवले. मार्चमध्ये एमआरआय झाला: खांद्याच्या खोबणीभोवतीची कूर्चा, लॅब्रम, फाटलेली. ऑपरेशन. त्या उन्हाळ्यात तिला आलेल्या पत्रात स्कॉलरशिपचं नूतनीकरण नव्हतं. दाद मागायचा हक्क असतो, नियमाप्रमाणे पत्रात तसं लिहावं लागतं आणि विद्यापीठाच्या समितीपुढे सुनावणी मागता येते. एकोणीस वर्षांची मुलगी, हात गळ्यात बांधलेला, कुठली सुनावणी मागते? ती घराजवळच्या कॉलेजात गेली आणि परत स्पर्धेत उतरली नाही. जाताना मला भेटली नाही. मीही गेले नाही तिला भेटायला.

हे वाचून कुणी विचारेल की तक्रार कुठे करायची होती. मी तो शोध नंतर घेतला. ऑलिम्पिक चळवळीतल्या खेळाडूंसाठी छळाच्या तक्रारी बघणारी सेफस्पोर्ट नावाची स्वतंत्र संस्था अमेरिकेत २०१७ मध्ये सुरू झाली, पण कॉलेजचा खेळ म्हणून जो काही चालतो तो तिच्या अखत्यारीत येत नाही. लैंगिक छळ असेल तर कायदा आहे, विद्यापीठात वेगळं कार्यालय आहे. कोच तुम्हाला रोज तुच्छ लेखतो, दुखापतीवर पोहायला लावतो, यासाठी दार एकच: क्रीडा विभागाचा संचालक. म्हणजे ज्याने त्याला नेमलं तोच.

वर्षाच्या शेवटी एक निनावी सर्व्हे मात्र भरून घ्यायचे. २०१८ च्या एप्रिलमध्ये मी पहिल्यांदा त्यात खरं लिहिलं. माइलबद्दल लिहिलं, श्वास रोखायच्या सेटबद्दल लिहिलं. फॉर्मच्या सुरुवातीला दोनच गोष्टी विचारल्या होत्या, कितवं वर्ष आणि कुठला प्रकार. तिसऱ्या वर्षाची बटरफ्लायवाली संघात मी एकटीच होते. आठवड्याने सरावानंतर तो माझ्या लेनशी येऊन उकिडवा बसला आणि हसून म्हणाला, "तू कारणं देणाऱ्यांतली नाहीस असं मला वाटायचं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तो माझ्याशी बोलायचा थांबला. माझे सेट असिस्टंट सांगायची. रिलेमधून नाव गेलं. आवाज न चढवता एखाद्या माणसाला किती नाहीसं करता येतं हे मी त्या सहा आठवड्यांत शिकले, आणि खरं सांगते, मला त्याचं ओरडणं परत हवंसं वाटायला लागलं होतं.

त्याच जूनमध्ये मेरीलँड विद्यापीठातली बातमी आली. जॉर्डन मॅकनेअर, वय एकोणीस, अमेरिकन फुटबॉलच्या संघातला. २९ मे २०१८ ला ११० यार्डांच्या धावा लागोपाठ काढताना त्याला उष्माघात झाला. शरीर आधी बर्फाच्या पाण्यात थंड करायचं आणि मग हॉस्पिटलला हलवायचं, हे अशा वेळचं ठरलेलं काम. ते झालं नाही. अँब्युलन्सला फोन जाईपर्यंत साधारण तासभर उलटून गेला होता. १३ जूनला तो गेला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात विद्यापीठांच्या बोर्डाने मुख्य कोचला कामावर परत घेतलं आणि एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी काढलं.

ती बातमी मी उन्हाळ्यात घरी असताना वाचत होते. मला एकच दिसत होतं: राखाडी ओठ आणि "ती ठीक आहे". आई भाजी निवडत होती. मी तिला पहिल्यांदा सगळं सांगायला लागले. बोलता बोलता मी म्हणाले, "मग तो म्हणाला, तिच्या वाटणीचं तुम्ही पोहा." आईचा हात थांबला. म्हणाली, "तू त्यांना आज पहिल्यांदा 'तो' म्हणालीस." मग सुरी बाजूला ठेवून तिने विचारलं, "कधीपासून चाललंय हे?" बाबा दारात उभे होते. त्यांनी टाकी-देवपणाचं काही काढलं नाही. म्हणाले, नको जाऊस परत.

मी गेले. एक वर्ष राहिलं होतं, पदवी हवी होती. आपण होऊन संघ सोडला तर स्कॉलरशिप त्याच वेळी काढून घेता येते, हे मला तोवर पाठ झालं होतं. १५ ऑक्टोबर २०१८ ला एनसीएएचं ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू बघणाऱ्या खेळाडूंची यादी, सुरू झालं. त्याआधी दुसऱ्या विद्यापीठाने तुमच्याशी नुसतं बोलायचं तरी आपल्याच विद्यापीठाची परवानगी लागायची, म्हणजे प्रत्यक्षात कोचची. त्यानंतर खेळाडूने लेखी कळवलं की दोन कामकाजाच्या दिवसांत तिचं नाव यादीत घालावंच लागायचं. संघातल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या चार मुली त्या वर्षी त्या वाटेने गेल्या. मला उशीर झाला होता, पण त्यांचे फॉर्म मी माझ्या खोलीत बसून त्यांच्याबरोबर वाचले. त्या संघात केलेलं ते एक काम मला अजून बरं वाटतं.

मे २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या टेरी मॅककीव्हर यांच्याबद्दलचे लेख यायला लागले. जलतरणात हे नाव केवढं मोठं ते सांगायला हवं: २००९, २०११, २०१२ आणि २०१५ अशी एनसीएएची चार विजेतेपदं, आणि २०१२ मध्ये अमेरिकेच्या महिला ऑलिम्पिक जलतरण संघाच्या मुख्य कोच होणारी पहिली स्त्री. त्यांच्या माजी खेळाडूंनी एकामागून एक सांगितलं, शिव्या, अपमान, दुखापत असताना पोहायला लावणं. विद्यापीठाने चौकशी केली आणि जानेवारी २०२३ अखेर त्यांना काढून टाकलं. आरोप त्यांनी नाकारले. मी ते लेख रात्रभर वाचले. तलाव वेगळा, कोच बाई, पण त्या मुलींची वाक्यं माझ्या डायरीतली वाटत होती. विशेषतः हे, की एका वेळी एकच जण लक्ष्य असते आणि बाकीच्या सुटल्याचा निःश्वास टाकतात.

त्या रात्री मी लेनमेटला लिहिलं. साडेपाच वर्षांनी.

त्याबद्दल शेवटी लिहिते. आधी त्या बाबांसाठी, ज्यांच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. कडक कोच असतो, असावा. आमची असिस्टंट कडक होती. वेळ दोन दशांशांनी चुकली तर ती तोच सेट पुन्हा लावायची. पण तिला "हा सेट कशासाठी?" असं विचारता यायचं आणि ती सांगायची, आणि खांदा दुखतो म्हटलं की पहिला प्रश्न "कुठे?" हा असायचा. दुसऱ्याच्या दुखण्याची शिक्षा तिने कधी तिसऱ्याला दिली नाही. तुमच्या मुलीला तिथे भेटीला बोलावतील तेव्हा कोच अतिशय गोड बोलेल, माझ्याशीही बोलला होता. त्यापेक्षा विद्यापीठाच्या साइटवर मागच्या चार-पाच वर्षांच्या संघाच्या याद्या असतात, त्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या वर्षाला आठ जणी आल्या आणि चौथ्या वर्षाला दोनच उरल्या असतील तर बाकीच्या सहा कुठे गेल्या हे विचारा, आणि ते कोचला नको, त्या सहांपैकी कुणाला तरी शोधून विचारा. मुलगी सरावाला गेली की तिला सांगा, दुखापतवाल्या मुली कुठे बसल्यात ते बघ. त्यांच्याशी कुणी बोलतंय का ते बघ. स्कॉलरशिप किती वर्षांची हे लेखी घ्या. आणि तिला निघायच्या आधी सांगून ठेवा की कर्जाचं आपण बघू, तू परत आलीस तरी चालेल. मला हे वाक्य तिसऱ्या वर्षानंतर मिळालं. आधी मिळालं असतं तरी मी कदाचित परत आले नसते, पण चिठ्ठी आणणाऱ्या मुलीवर एवढी चिडले नसते असं मला वाटतं.

लेनमेटचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. मी तिला लांबलचक पत्र लिहिलं होतं, कोचबद्दल, सामूहिक शिक्षेबद्दल, बर्कलीच्या मुलींबद्दल. तिचं उत्तर छोटं होतं. मराठीत सांगायचं तर असं: "त्याचं मला आता फारसं आठवत नाही. चिठ्ठी कशी वाचली, काय म्हणाला, सगळं पुसट झालंय. तू लॉकर रूममध्ये काय म्हणालीस ते मात्र शब्दन् शब्द आठवतं. तुला आठवतं का?"

माझ्या पत्रात नेमकं तेच मी लिहिलं नव्हतं.

मी तिला लिहिलं, हो, आठवतं. आणि ते वाक्य तसंच्या तसं लिहून काढलं. त्याच्यापुढे खुलासा म्हणून काही जोडलं नाही, फक्त माफी मागितली. चार दिवसांनी तिचा फोन आला. पाऊण तास बोललो. ती आता लहान मुलांना पोहायला शिकवते, आठवड्यातून तीन दिवस, उजव्या कुशीवर अजून झोपता येत नाही. मी विचारलं, त्या मुलांना लांब पल्ल्याचं पोहायला लावतेस का? म्हणाली, लावते, पण लॅप काउंटर घेऊन मी स्वतः टोकाला बसते, आणि कुणाचा खांदा दुखला तर तो मुलगा माझ्या शेजारी बसून आकडे उलटवतो. त्यांना ते फार आवडतं. केशरी चौकोन कुणी धरायचा यावरून भांडतात.